उदोउदो : देवीच्या अंगणातून बातमीच्या मथळ्यात

एखाद्या पुढाऱ्याचं, नटाचं किंवा नव्या योजनेचं वारेमाप गुणगान सुरू झालं की कोणीतरी म्हणतंच, ‘काय त्याचा उदोउदो चाललाय!’ म्हणणाऱ्याचं नाक तेव्हा थोडं मुरडलेलं असतं. मूळ शब्दात मात्र नाक मुरडण्यासारखं काहीच नाही. ‘उदो’ ही देवीची ललकारी.

तुळजापूरला ‘आई राजा उदो उदो’ हा गजर चालतो. नवरात्रात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या ‘आश्विन शुद्ध पक्षी’ या आरतीचं पालुपदच ‘उदो बोला उदो अंबाबाई माउलीचा हो’ असं आहे. या शब्दाचं नातं ‘उदय’शी लावतात. तुझा उदय होवो, प्रकट हो, असं देवीला सांगणं. म्हणजे ही आधी हाक आहे, स्तुती नंतरची. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर कानडी भक्तांच्या तोंडीही ‘उधो उधो’ ऐकू येतं.

ही हाक गावोगावच्या अंगणांत नेली ती गोंधळ्यांनी. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. गळ्यात कवड्यांची माळ, पेटती दिवटी, संबळ आणि तुणतुणं. घरात लग्नकार्य झालं की गोंधळ घालायचा आणि ठिकठिकाणच्या देवदेवतांना गावाचं नाव घेऊन ‘गोंधळा ये’ म्हणून बोलवायचं, ही रीत अजून अनेक घरांत आहे.

या एकाच अंगणातून तीन शब्द बाहेर पडले आणि तिघांचीही कुळकथा सारखीच झाली. ‘गोंधळ’ हा विधी होता, आज त्याचा पहिला अर्थ घोटाळा, गडबड असा लागतो. ‘जोगवा’ ही देवीच्या नावानं मागितलेली भिक्षा. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘अनादि निर्गुण प्रगटली भवानी’ म्हणत तिचं रूपक केलं आणि हाती बोधाचा झेंडा घेतला. आता निवडणूक आली की ‘मतांचा जोगवा’ मागतात. आणि उदो झाला उदोउदो.

घसरण नेमकी कधी झाली याची तारीख काढता येत नाही, पण वाट कशी तयार झाली असेल याचा अंदाज बांधता येतो. देवीपुढे उभे राहणारे गोंधळी माणसांचीही कीर्ती गात. १६५९ मधल्या अफझलखान वधावर पोवाडा रचणारा अज्ञानदास गोंधळी परंपरेतलाच मानला जातो. आवाज तोच, संबळही तेच, फक्त समोर देवी नाही, शूर पुरुष. पुढे ‘पोवाडे गाणे’ हाही वाक्प्रचार चेष्टेचा झाला, ‘पुरे झाले त्याचे पोवाडे!’ असा. देवीसाठी राखलेली उंची माणसाला दिली की ऐकणारा मनात माप काढतो, आणि ते माप पुरं पडलं नाही की शब्दाला टोचणी येते.

मराठीत अतिस्तुतीला शब्दांची वाण नाही, पण प्रत्येकाचं काम वेगळं. खुशामत समोरासमोर आणि स्वार्थापोटी. भाटगिरीत बिदागीचा वास असतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं ते बहुधा काम करून घ्यायला किंवा गंमत बघायला. उदोउदोला मात्र गर्दी लागते, आवाज लागतो. ज्याचा चालला आहे तो हजर असण्याची गरज नाही. तो माणूस असायलाही नको: परदेशी शिक्षणाचा उदोउदो होतो, जुन्या काळाचाही होतो. आणखी एक खोड म्हणजे, हा नेहमी दुसरे करतात. ‘मी तुमचा उदोउदो करतो’ असं गंभीरपणे कोणी म्हणत नाही. आपण करतो ते कौतुक.

खंडोबाच्या ‘येळकोट’वर ही वेळ आली नाही, असं म्हणावं तर ‘येळकोट राहीना, मूळ स्वभाव जाईना’ ही म्हण आडवी येते. म्हणजे ललकाऱ्यांना टोमण्यात ओढण्याची खोड आपली जुनीच. तरी देवीच्या शब्दांइतकी झीज मल्हारीच्या वाट्याला आलेली नाही.

लिहिण्यातही भेद दिसतो. देवीचा ‘उदो उदो’ बहुधा सुटा लिहितात, माणसाचा ‘उदोउदो’ जोडून. या जोडलेल्या शब्दापुढे केला, झाला, चालला, थांबवा, काहीही लावा, बसतं. आरतीतल्या उदोपुढे मात्र एकच क्रियापद येतं: बोला.