डिलीट झालेली फाइल वेगळी, मरत चाललेली डिस्क वेगळी

लॅपटॉपमधला डेटा गेला की इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानात असो की घरच्या ओट्यावर, पहिला सल्ला ठरलेला: "एखादं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघा." एका दुखण्यावर ते औषध आहे. दुसऱ्यात तेच डिस्कचा जीव घेतं.

पहिलं दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं: फाइल डिलीट झाली, घाईत क्विक फॉर्मॅट झालं. डिस्क धडधाकट असते, फक्त फाइल कुठे आहे याची नोंद गेलेली असते. त्या डिस्कवर काही लिहायचं नाही. सॉफ्टवेअरही दुसरीकडे टाकायचं आणि मिळालेल्या फाइलीही. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर ट्रिममुळे, म्हणजे डिलीट झालेली जागा आपोआप साफ करण्याच्या सोयीमुळे, बहुधा काही हाती लागत नाही.

डिस्क टक-टक करते किंवा फिरतच नाही, हेही ओळखायला सोपं. यूएसबी केसिंगमध्ये असेल तर आधी काढून कॉम्प्युटरच्या आतल्या साटा पोर्टला (डिस्कच्या नेहमीच्या जोडणीला) थेट लावून बघा: अडीच इंची डिस्कला सुरू होताना एक अँपिअरपर्यंत लागतो आणि जुना यूएसबी पोर्ट अर्धाच देतो. तरीही टक-टक असेल तर बंद करा आणि डेटा रिकव्हरी लॅबमध्ये द्या. फ्रीजरमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्डही लावू नका. बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मापं असतात.

खरी फसगत या दोघांच्या मधे होते. डिस्क दिसते. फोल्डरांची नावं येतात. पण अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा (चित्ररथांचा) फोटो उघडला की वरचा अर्धा रंगीत आणि खाली नुसती करडी पट्टी. किंवा विंडोज म्हणतं, आधी फॉर्मॅट करा. लोक म्हणतात, "दिसतेय ना, म्हणजे डिस्क चांगली आहे." नाही! नावांची यादी डिस्कवर थोड्याशा जागेत असते, फोटो मात्र सगळीकडे पसरलेले. हेड, म्हणजे तबकडी वाचणारा भाग, कमजोर झालं की प्रत्येक खराब सेक्टरवर (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यावर) डिस्क स्वतःच पुन:पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, वर विंडोज आणखी करायला लावतं. 'डीप स्कॅन' म्हणजे आजारी हेडला तासन् तास त्याच जागी घासत ठेवणं.

चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, त्याहून वाईट. ते फाइल सिस्टिमची, म्हणजे फाइलींच्या नोंदवहीची, मांडणी नीट करतं, तुमच्या फाइली वाचवायचं काम त्याचं नाही. वाचता न आलेल्या नोंदी ते छाटतं, मरत्या डिस्कवरच लिहितं आणि 'फाउंड.०००' फोल्डरात निनावी तुकडे टाकून ठेवतं.

ओळखायचं कसं? डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (वाचायला अडलेले) आणि सी६ (न सुधारलेले) या ओळींची रॉ व्हॅल्यू बघा. आकडे हेक्समध्ये (सोळाच्या मोजणीत) असतात, तिथे शेवटी १० दिसलं तर ते सोळा. सी५ शून्याच्या वर असेल तर स्कॅन करायचा नाही, आधी क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल, काढायचा. फक्त सी७ (केबलवरच्या चुका) वाढत असेल तर केबल बदला.

क्लोनसाठी पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजीची दुसरी सिस्टिम) चालू करा आणि त्यातला डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्रॅम वापरा. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. मॅप फाइल (काय वाचून झालं याची नोंद) तिसऱ्या जागी ठेवा, म्हणजे मधेच थांबलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. पहिल्या फेरीला '-n' (एन) पर्याय लावा: सोपं ते आधी निघतं, अडलेल्या जागा नंतरसाठी राहतात. जुनी डिस्क कुठली आणि नवी कुठली, हे सीरियल नंबर वाचूनच ठरवा. अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क डेटावर लिहिली जाते. मे महिन्यात हे रात्री लावा, डिस्कवर पंखा ठेवा आणि तापमान ५० अंशांवर जाऊ देऊ नका. मधेच टक-टक सुरू झालं तर तिथेच थांबा.

रिकव्हरी सॉफ्टवेअर त्यानंतर, क्लोनवर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की हाताशी लागेल.

डिस्क दुकानात देत असाल तर पावतीवर "डेटा हवा, डिस्क दुरुस्त करू नये" असं लिहून घ्या. 'बॅड सेक्टर काढून देतो' म्हणणारा बहुतेक वेळा पूर्ण फॉर्मॅटच मारतो.