काळ्या मातीची दोन दुखणी

माळव्यात वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पण पीक वार्षिक बेरजेवर जगत नाही. आठवडाभर झड आणि मग तीन आठवडे कोरडं आभाळ, तरी सरासरी जुळते आणि सोयाबीन हातचं जातं. सांवेर-देपालपूरकडची शेती बटाईनं देऊन इंदुरात राहणाऱ्या मराठी घरांनाही हे ठाऊक असतं.

काळ्या मातीत ही दोन्ही दुखणी बळावतात. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची खनिज चिकणमाती पाणी पिऊन फुगते, छिद्रं बुजतात, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतात. पाणी साचलं की त्यांचं काम मंदावतं आणि पानं पिवळी पडतात. (मग लोक आधी फवारणीचा पंप शोधतात!) उघडीप लांबली की तीच माती आकसते, खोल भेगा पडतात आणि त्यांतून उरलीसुरली ओलही उडून जाते.

म्हणून मला पेरणीची रुंद वरंबा-सरी पद्धत सगळ्यांत पटते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं १९७०च्या दशकात काळ्या जमिनींसाठी या पद्धतीवर मोठं काम केलं. इंदूरची सोयाबीन संशोधन संस्थाही तिची शिफारस करते. चार-पाच ओळींचा वरंबा, मग एक सरी. झडीत जादा पाणी सरीतून निघून जातं, वरंब्यावर वाफसा (मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळतील अशी स्थिती) लवकर येतो. खंड पडला तर सरीत मुरलेलं पाणी मुळांच्या कामी येतं. मात्र सरीला हलका उतार हवाच, नाहीतर तिचंच डबकं होतं.

पेरणी साधारण १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी. सगळ्या रानात एकच वाणही नको. जेएस ९५-६० लवकर पिकतो, जेएस ३३५ त्यापेक्षा उशिरा. शेंगा भरताना पडलेला खंड दोघांना सारखाच गाठत नाही.

कसदार मातीचा धडा तर इंदुरातच गिरवला गेला. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथे काडीकचरा, शेण आणि राख यांचे थर रचून, ढीग परतून खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. अशा खतानं माती रवाळ होते, पाणी मुरतंही आणि टिकतंही, पण त्याला काही हंगाम जावे लागतात. त्याच इंदूरभोवती गहू निघाला की नरवाई, म्हणजे रानात उरलेली धसकटं, पेटवतात, हे मला कधीच समजलेलं नाही. ती बारीक करून रानातच गाडली, तर खताच्या ढिगाइतकं नाही, पण थोडंफार काम तीही करते.