हृदय अकार्यक्षमतेतील व्यायामाधारित पुनर्वसन

हृदयाचे स्नायू दुर्बळ किंवा ताठर झाल्यामुळे शरीराला पुरेसा रक्तपुरवठा होत नसलेल्या रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली, मोजून-मापून आणि टप्प्याटप्प्याने व्यायाम देण्याच्या उपचारपद्धतीला व्यायामाधारित पुनर्वसन म्हणतात. बोलीभाषेत ‘हार्ट फेल झालं’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला तो माणूस गेला असेच वाटते. परंतु हार्ट फेल्युअर, अर्थात हृदय अकार्यक्षमता, म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. ते दीर्घकाळ चालणारे दुखणे आहे. थोड्या श्रमाने धाप लागणे, पायांवर सूज येणे आणि सतत थकवा जाणवणे ही त्याची मुख्य लक्षणे होत.

साधारणपणे १९७० च्या दशकापर्यंत अशा रुग्णांना अंथरुणावरच राहण्याचा सल्ला दिला जाई, आणि आजारी हृदयावर ताण नको हे त्यामागचे कारण वरवर पटण्याजोगेही होते. पुढे असे लक्षात आले की रुग्णाला किती चालवेल याचा अंदाज हृदयाच्या इजेक्शन फ्रॅक्शनवरून, म्हणजे प्रत्येक ठोक्याला डाव्या जवनिकेतील (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातील) रक्ताचा किती हिस्सा बाहेर पडतो या मापावरून, नीटसा बांधता येत नाही. ब्रिटनमधील अँड्र्यू कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास मोजक्या रुग्णांना घरी आठ आठवडे सायकलीचा व्यायाम करायला लावला, तेव्हा त्यांची श्रम करण्याची क्षमता वाढलेली आढळली. दोष केवळ हृदयात नसतो. हालचालीअभावी पायांचे स्नायू झडतात, त्यांची प्राणवायू वापरण्याची शक्ती घटते आणि धाप आणखी लवकर लागू लागते. त्यामुळे व्यायामाचा बराचसा लाभ हृदयापेक्षा पायांतच दिसून येतो. विश्रांतीचा जुना सल्ला नेमका इथेच रुग्णाच्या मुळावर येत होता.

या विषयावरील सर्वांत मोठी चाचणी ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ होय. इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या २,३३१ रुग्णांचा तीत समावेश होता आणि तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. व्यायाम सुरक्षित ठरला आणि जीवनमानात माफक सुधारणाही झाली. मात्र मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणे यांच्या एकत्रित प्रमाणातील घट मूळ विश्लेषणात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस ठरली नाही. अनेकांना ठरवून दिलेला व्यायाम घरी टिकवता आला नाही, ही बाब हा निष्कर्ष वाचताना विसरून चालणार नाही. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २०१४ पासून अशा स्थिर रुग्णांच्या पुनर्वसनाचा खर्च मान्य केला.

कार्यक्रमाची सुरुवात बहुधा सहा मिनिटांच्या चाल-चाचणीने होते. तिला लागणारे साहित्य अगदी साधे असते: सुमारे ३० मीटरचा सपाट व्हरांडा, दोन्ही टोकांना एकेक खूण, स्टॉपवॉच आणि दम लागल्यास बसायला एक खुर्ची. रुग्ण आपल्या गतीने ये-जा करतो, वाटल्यास थांबतो. घड्याळ मात्र थांबवले जात नाही. कापलेले अंतर मीटरमध्ये नोंदवले जाते. बीटा-ब्लॉकर औषधांमुळे नाडी फारशी वाढत नसल्याने श्रमाची तीव्रता केवळ नाडीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी रुग्णाला स्वतःला किती श्रम जाणवतात हे अंकांत सांगणारी ६ ते २० अंकांची बोर्ग मोजपट्टी वापरतात, किंवा चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येते का, हे पाहतात. चालणे व स्थिर सायकल यांना जोड म्हणून खुर्चीवरून पुन्हा पुन्हा उठणे, हलकी वजने उचलणे आणि श्वसनाचे व्यायाम दिले जातात.

छातीत नव्याने दुखू लागणे, अनियंत्रित हृद्‌लय, महाधमनीची झडप फार अरुंद झालेली असणे, ताप किंवा नुकतीच बिघडलेली प्रकृती असल्यास व्यायाम पुढे ढकलतात. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढणे हे बहुधा शरीरात पाणी साठल्याचे लक्षण असते. अशा वेळी आधी डॉक्टरांना गाठावे. शरीरात डिफिब्रिलेटर (हृदयाची धोकादायक लय विजेच्या झटक्याने पूर्ववत करणारे यंत्र) बसवलेला असेल, तर यंत्र ज्या नाडीदराला झटका देते त्याच्या बरेच खाली श्रम ठेवावे लागतात.

भारतात २४ केंद्रांवरील ३,९५९ रुग्णांवर झालेल्या ‘योगा-केअर’ चाचणीने योगावर आधारलेले स्वस्त पुनर्वसन तपासले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत रुग्णांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली व ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले, पण हृदयविकाराच्या गंभीर घटना ठोसपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. हे रुग्ण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले होते, त्यामुळे हा निष्कर्ष हृदय अकार्यक्षमतेला जसाच्या तसा लावता येत नाही.