एक लाखात एक, पण कुठल्या लाखात?

जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही, केस विंचरायला हात वर जात नाहीत, वरच्या पापण्यांवर जांभळट छटा उमटते आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे दिसू लागतात. ही डर्माटोमायोसायटिसची ओळख. प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर आणि स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. बायकांना हा आजार पुरुषांच्या साधारण दुप्पट होतो.

तो किती जणांना होतो? ढोबळ उत्तर असं, की दरवर्षी एक लाखात एक किंवा त्याहूनही कमी. मुलांमध्ये तर दहा लाखांत दोन ते चार. इतक्या छोट्या आकड्यांची एक गंमत असते. अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत जवळजवळ प्रत्येक रहिवाशाच्या वैद्यकीय नोंदी एकमेकींना जोडलेल्या आहेत. तिथे 1976 ते 2007 या काळातली कागदपत्रं चाळली, तेव्हा सापडले फक्त 29 रुग्ण. यातले तीन-चार निसटले असते, तरी दर दहा टक्क्यांहून जास्त खाली आला असता.

आणि निसटायला वाटा पुष्कळ. याच 29 जणांपैकी साधारण पाचव्या हिश्शाचे स्नायू धडधाकट होते, आजार होता तो फक्त त्वचेवर. स्नायूंची ताकद हीच खूण मानून मोजणाऱ्याच्या यादीत असे रुग्ण येतच नाहीत. सावळ्या त्वचेवर लाली तपकिरी किंवा जांभळट दिसते, तिथे ती ऊन लागल्याची किंवा ॲलर्जीची समजली जाते. त्यामुळे एखाद्या प्रदेशाचा आकडा मोठा दिसला, की मी आधी विचारतो: तिथे आजार जास्त आहे, की डॉक्टर?

पण सगळाच फरक नोंदींचा नाही. युरोपात उत्तरेकडून दक्षिणेकडे यावं, तसा स्नायुदाहाच्या, म्हणजे स्नायूंना सूज आणणाऱ्या आजारांच्या रुग्णांमध्ये डर्माटोमायोसायटिसचा वाटा वाढत जातो. इथे तुलना एकाच दवाखान्यात आलेल्या डर्माटोमायोसायटिसची आणि दुसऱ्या स्नायुदाहाची आहे, म्हणून डॉक्टर कमी की जास्त याने ती सहसा बिघडत नाही. 2003 मध्ये जगभरातल्या रुग्णांची अशीच तुलना झाली. जिथे अतिनील किरणं तीव्र, तिथे हा वाटा मोठा आणि रक्तात पेशींतल्या ‘एमआय-2’ या प्रथिनाविरोधी प्रतिपिंडं (प्रतिकारशक्तीची हल्ला करणारी प्रथिनं) असणारे रुग्णही जास्त. ग्वाटेमाला आणि मेक्सिको या बाबतीत फार पुढे निघाले. पुढे प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशींवर अतिनील किरणं सोडली, तर त्यांच्यातलं एमआय-2 प्रथिन वाढलं. धागा जुळतो.

मात्र उन्हाने सगळं उलगडत नाही. ‘एमडीए-5’ या दुसऱ्या प्रथिनाविरोधी प्रतिपिंडांचा प्रकार, ज्यात स्नायू बऱ्याचदा बरे राहतात पण फुप्फुसं झपाट्याने निकामी होऊ शकतात, प्रथम 2005 मध्ये जपानमध्ये ओळखला गेला आणि पूर्व आशियात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच जास्त आढळतो. म्हणजे नाव एकच, पण तोक्योतला रुग्ण आणि ग्वाटेमालातला रुग्ण यांना झालेला आजार अनेकदा एकसारखा नसतो.