पोंग्यातला उलटा ‘वाय’

सप्टेंबर 2018. माळशिरस तालुक्यातल्या तांदुळवाडीत मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, एक अळी सापडली. पानं खरवडलेली, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा. आता आपल्या शिवारात अळ्यांना काय तोटा? पण हिच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ उलटा काढावा तशी फिकट खूण होती आणि शेपटाकडून दुसऱ्या वळीवर चार काळे ठिपके, चौकोनात मांडल्यासारखे. ही मूळची अमेरिका खंडातली लष्करी अळी. 2016 मध्ये ती आफ्रिकेत आढळली, मे 2018 मध्ये कर्नाटकात आणि चार महिन्यांत आपल्याकडे. महाराष्ट्रातली तिची पहिली नोंद सोलापूर जिल्ह्यातली आहे, हे इथल्याही अनेकांना ठाऊक नसतं.

मादी एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते आणि पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. बाहेरून येऊन इथे फोफावणाऱ्या अशा परक्या पाहुण्यांचा माग काढायला कीटकशास्त्रज्ञ पुरे पडत नाहीत. रोज बांधावरून फिरणारा माणूसच ‘हे काहीतरी वेगळं दिसतंय’ म्हणू शकतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या दोन शहरांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. झाडं पोखरणारा एक आशियाई भुंगा वूस्टरमध्ये एका रहिवाशाला दिसला, 2008 मध्ये. तोवर तो तिथे बरीच वर्षं मुरला होता, आणि त्याला आवरायला तीस हजारांहून जास्त झाडं तोडावी लागली. बॉस्टनमध्ये 2010 साली तोच भुंगा वेळेत नजरेस पडला. लागण झालेली झाडं निघाली सहा. 2014 मध्ये ते शहर भुंगामुक्त जाहीर झालं.

अशीच नजर ठेवायला आम्ही काही स्वयंसेवक रविवारी सकाळी सोलापूरच्या कंबर तलावावर जातो. कागदोपत्री त्याचं नाव धर्मवीर संभाजी तलाव, पण रिक्षावाल्याला कंबर तलावच सांगावं लागतं. इथली जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या फुलांच्या हौसेपायी जगभर गेलेली. हातात घेऊन बघा: देठाचा खालचा भाग फुगलेला, दाबला तर स्पंजासारखा, आत नुसती हवा. म्हणून ती तरंगते. आईच्या बुडातून आडवा धुमारा फुटतो आणि त्याच्या टोकाला लेक. हवा-पाणी मानवलं तर दोन आठवड्यांत दुप्पट.

पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने ढीगच्या ढीग ओढून काठावर टाकले, फोटो काढले, चहा प्यालो. पुढच्या मोठ्या पावसात निम्मा ढीग परत तलावात. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे ओली वाहून नेणं म्हणजे पाणीच वाहणं. आता आम्ही ती काठापासून लांब, उतार तलावाकडे नसेल अशा जागी वाळवतो. तरी गाळात पडलेलं बी पंधरा-वीस वर्षं तग धरतं आणि तलावात सांडपाणी येत राहिलं की तिला आयतं खत मिळतं. तेव्हा खरं सांगायचं तर पूर्ण माजलेला तलाव हाताने साफ करणं हे स्वयंसेवकांचं काम नाहीच. ते यंत्राचं आणि नाल्याच्या बंदोबस्ताचं. आमचं काम आधीचं: कोपऱ्यात पाच-दहा रोपं दिसताच काढायची, ओढ्याच्या तोंडाशी डोळा ठेवायचा.

ओळखीत चूक झाली तर मात्र मदतीचा घात होतो. परदेशातून आलेली वेडी बाभूळ तोडायला निघालेल्या मंडळींनी देशी बाभळीवर कोयता चालवलेला मी पाहिला आहे. फूल बघितलं असतं तर ते टळलं असतं. देशी बाभळीचं फूल म्हणजे पिवळा गोल गोंडा, वेडीचा लांबट फिकट तुरा. देशीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, ठिकठिकाणी आवळलेली. वेडीची तशी आवळलेली नसते. शिवाय वेडी नुसती वरून छाटली तर बुंध्यातून चारपट फांद्या फुटतात, ती जमिनीखालच्या बुडख्यासकट काढावी लागते. शेळ्या तिच्या गोड शेंगा खातात आणि लेंड्यांमधून बी रानभर पेरतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या उघड्या माळाला अशा काटेरी झुडपांचा मोठा धोका, कारण काळविटाला आणि धाविक पक्ष्याला लांबवर दिसणारं गवताळ रान लागतं, सावली नव्हे. अभयारण्यात परवानगीशिवाय काही उपटायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

गाजर गवताचा हिशेब त्यामानाने सोपा: फुलं येण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्यातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्याने अंगावर चट्टे उठतात. 1984 मध्ये बेंगळुरूला सोडलेला मेक्सिकन भुंगा हे गवत चवीने खातो. आमच्यातले एक काका पावसाळ्यात हे भुंगे बाटलीत गोळा करून दुसऱ्या माळावर सोडतात. उन्हाळ्यात भुंगे मातीत झोपून राहतात, हे सोलापूरच्या हवेला साजेसंच.

फोनवरच्या आयनॅचरलिस्टसारख्या अॅपवर आम्ही पान, फूल, खोड असे वेगवेगळे फोटो टाकतो. ठिकाण फोनच नोंदवतो आणि जाणकार नाव तपासतात. यात एक गोम आहे. अशा नकाशावर ठिपके दिसतात ते माणसं जिथे हिंडतात तिथले. शहरातल्या विजापूर रोडला ठिपक्यांची दाट गर्दी आणि आडरान कोरं, म्हणून आडरानात काही नाही असं होत नाही. ‘इथे शोधलं, सापडलं नाही’ अशी नोंद म्हणूनच मोलाची, आणि तीच करायचा सगळ्यांना कंटाळा.

2022 मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हापासून आमच्या वहीत आफ्रिकन गोगलगायीचा एक रकाना आहे. पावसाळ्यात संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बांधावर पसरायचं, सकाळी उचलून खाली बघायचं, उघड्या हाताने काही धरायचं नाही. गेल्या रविवारी गोणपाटाखाली दोन बेडूक आणि एक गांडूळ होतं. रकान्यात लिहिलं: ‘नाही’.