एआरडीएस कोरोनाने आणलेला नाही

'एआरडीएस कोरोनाबरोबर आला, आधी आपल्याकडे नव्हताच,' असं सांगली-मिरजेत अजून ठासून सांगितलं जातं. साफ चूक. एआरडीएस म्हणजे अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम: दोन्ही फुफ्फुसांत पाणी झिरपून ऑक्सिजन झपाट्याने घसरतो, ती ही अवस्था. तिचं पहिलं वर्णन १९६७ चं, १२ रुग्णांवरून केलेलं. न्यूमोनिया, सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेली घातक प्रतिक्रिया), मोठा अपघात ही तिची कारणं काय २०२० मध्ये जन्मली?

मग आधी रुग्णांचा आकडा कमी का दिसायचा? दोष मोजपट्टीचा. एआरडीएस कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या २०१२ च्या बर्लिन व्याख्येला धमनीतल्या रक्ताची तपासणी हवी, एक्स-रे किंवा सीटी हवा, वर व्हेंटिलेटरसारख्या मशीनचा ठरावीक दाबही हवा. जत किंवा पाटणच्या छोट्या दवाखान्यात रात्री दोन वाजता हे सगळं कुठून आणणार? रवांडात किगालीच्या एका रुग्णालयात बर्लिन व्याख्येने एकही रुग्ण सापडला नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि सोनोग्राफी ग्राह्य धरल्यावर दाखल रुग्णांपैकी सुमारे ४ टक्के निघाले! आजार तोच, चाळणी बदलली.

साधनं असूनही नजर चुकतेच. २०१४ मध्ये ५० देशांतल्या ४५९ आयसीयूंच्या पाहणीत सुमारे १० टक्के रुग्णांना एआरडीएस होता, पण डॉक्टरांनी ओळखला त्यातल्या साधारण ६० टक्क्यांत. सौम्य असेल तर जेमतेम निम्म्यांत. आणि हो, हे १० टक्के आयसीयूत दाखल झालेल्यांपैकी, जिल्ह्याच्या लोकसंख्येपैकी नव्हेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ही गल्लत सर्रास होते.