रविवार आणि उरलेले सहा दिवस : मंडळीतील रोजच्या विश्वासजीवनाची पार्श्वभूमी

आठवड्याच्या मधल्या दिवशी घरात भरणारी प्रार्थनासभा, आजाऱ्याच्या भेटीला जाणारे मंडळीचे वडील (निवडलेले ज्येष्ठ पुढारी), रविवारचे दान, मुलांचे संडे स्कूल, गरजूंसाठी राखून ठेवलेला निधी या गोष्टी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या समुदायात, आज इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या मुळापासून तशाच चालत आल्या असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या ठिकाणी सुरू झाल्या. त्यांचा मागोवा घेतला की आढळते ते असे : त्यांतील बहुतेकींच्या मुळाशी धर्मशिक्षणाची आखीव योजना नव्हती, एखादी साधी अडचण होती. कोणी उपाशी राहत होते, कोठे इमारतीचे कर्ज फिटत नव्हते, कोठे धर्मगुरूच नव्हता. अडचणीवर उपाय शोधला गेला आणि त्या उपायातूनच एकमेकांच्या रोजच्या जीवनाची जबाबदारी घेण्याची रीत पडली.

यरुशलेममधील पहिल्या मंडळीपासूनच हे दिसते. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ (प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य) या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात त्या मंडळीचे जे वर्णन आहे, त्यात प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना या चार गोष्टी एकत्र येतात; लोक दररोज मंदिरात जमत, घरोघरी जेवत आणि आपली मालमत्ता विकून गरजेप्रमाणे वाटून घेत. हे चित्र मंडळ्यांमध्ये आदर्श म्हणून वारंवार सांगितले जाते, पण त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय तितक्या वेळा वाचला जात नाही. तेथे तक्रार आहे : रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विधवांकडे दुर्लक्ष होत होते. यावर तोडगा म्हणून सात जणांची निवड झाली, आणि पुढे मंडळीतील सेवकाचे (डीकनचे) पद याच प्रसंगाशी जोडले गेले. म्हणजे प्रवचन व प्रार्थनेइतकेच वाटपातील न्यायाकडेही लक्ष ठेवावे लागते, हे मंडळीला अगदी आरंभीच कळून चुकले होते.

पहिली अडीचशे वर्षे बहुतेक मंडळ्या घरांतच जमत. अक्विल्ला व प्रिस्किल्ला, नुंफा, फिलेमोन यांच्या घरी भरणाऱ्या मंडळ्यांचा उल्लेख बायबलमधील, प्रेषित पौलाच्या नावे असलेल्या पत्रांत येतो. घरात जमण्याचे परिणाम बरेवाईट दोन्ही होते. ओळख दाट होई, मालक आणि गुलाम एकाच भाकरीत भागी होत; पण घर ज्याचे, त्याच्या घरातील उच्चनीचताही त्याबरोबर आत येई. ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी काही जण आधीच जेवून तृप्त होत आणि काही उपाशी राहत, यावर पौलाने कठोर शब्दांत ताशेरे ओढले आहेत. काही अभ्यासकांच्या मते श्रीमंत यजमानाच्या भोजनगृहात मोजक्याच पाहुण्यांची सोय होत असे आणि उरलेल्यांना बाहेरच्या चौकात बसावे लागे. भेदाचे एक कारण त्या काळच्या घराच्या रचनेतच असावे. अशा घराचा पुरावा सीरियातील दुरा-युरोपस येथील उत्खननात मिळाला. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे एका साध्या घराच्या भिंती पाडून मोठी खोली केली होती, आणि दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधून भिंतींवर उत्तम मेंढपाळाच्या (म्हणजे येशूच्या) चित्रासारखी चित्रे काढली होती.

करिंथकरांनाच पौलाने असेही सांगितले की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही रक्कम बाजूला काढून ठेवावी. ती यरुशलेमच्या गरजूंसाठी होती. दुसऱ्या पत्रात तो स्पष्ट करतो की ही रक्कम पोहोचवताना आपल्यावर कोणाला बोट ठेवता येऊ नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत असतील. हिशेबाची ही काळजी मला त्या पत्रातील एखाद्या मोठ्या शिकवणीइतकीच बोलकी वाटते. पुढे इ. स. 155 च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर रविवारच्या उपासनेचे जे वर्णन करतो, त्यात वाचन, उपदेश, प्रार्थना व प्रभुभोजन झाल्यावर सेवक अनुपस्थितांकडे भाकर व द्राक्षारस घेऊन जातात, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील कैदी व परके यांची सोय केली जाते. इ. स. 197 मध्ये ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो की प्रत्येक जण महिन्यातून एकदा स्वखुशीने नाणे टाकतो आणि ते मेजवान्यांवर खर्च न होता गरिबांच्या दफनावर, म्हाताऱ्या नोकरांवर, जहाज फुटून निराधार झालेल्यांवर आणि खाणींत शिक्षा भोगणाऱ्यांवर खर्च होते. इ. स. 251 च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात नोंदवतो की त्याची मंडळी पंधराशेहून अधिक विधवांना व गरजूंना पोसत आहे. छळाच्या काळातील, सरकारी मान्यता नसलेल्या समूहाने इतका भार उचलला होता.

बाहेरच्या माणसाच्या नजरेतूनही हे जीवन टिपले गेले आहे. इ. स. 112 च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा रोमी अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट त्राजानला कळवले की हे लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि चोरी, लूट, व्यभिचार न करण्याची, दिलेला शब्द न मोडण्याची व विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणार नाही अशी शपथ घेतात. मग पांगतात आणि पुन्हा एकत्र येऊन साधे अन्न खातात. त्याला त्यात गुन्हा शोधायचा होता; हाती लागली ती व्यवहारातील सचोटीची यादी.

इ. स. 313 नंतर छळ थांबला आणि शतक संपण्यापूर्वी ख्रिस्ती धर्म रोमी साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. मंडळी मोठी झाली, सभागृहे भव्य झाली, आणि शेजारी बसलेल्याचे नाव माहीत असण्याची शक्यता कमी झाली. रोजची प्रार्थना, श्रम व एकत्र भोजन यांची घट्ट वीण हळूहळू मठांकडे गेली. सहाव्या शतकात बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमांत दिवसाचे तास प्रार्थना, वाचन आणि हातकाम यांत विभागलेले आहेत. सामान्य माणसाच्या वाट्याला राहिले ते आपले धर्मग्राम, म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेला परिसर. 779 मध्ये फ्रँक राजा शार्लमेनने दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देणे) सक्तीचा केला, आणि 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावे व पुनरुत्थान सणाच्या (ईस्टरच्या) काळात प्रभुभोजन घ्यावे असे ठरवले. किमान अट घालावी लागली, यावरून लोकांचा सहभाग कितपत उरला होता याचा अंदाज येतो. तरीही त्याच काळात गावोगावी सामान्य लोकांचे बंधुसंघ उभे राहिले. त्यांचे काम बरेचसे टर्टुलियनच्या यादीसारखेच होते : आजाऱ्यांची विचारपूस, गरीब सभासदाचे दफन, मृतांसाठी प्रार्थना.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात, जेव्हा प्रोटेस्टंट मंडळ्या रोमपासून वेगळ्या झाल्या, घर पुन्हा पुढे आले. मार्टिन लूथरने 1529 मध्ये काढलेल्या लहान प्रश्नोत्तरीत सकाळ-संध्याकाळच्या आणि जेवणापूर्वीच्या प्रार्थना आहेत, आणि त्या शिकवण्याचे काम कुटुंबप्रमुखाकडे सोपवले आहे. त्याआधी, 1526 मध्ये, त्याने अशीही कल्पना मांडली होती की ज्यांना मनापासून ख्रिस्ती म्हणून जगायचे आहे त्यांनी आपली नावे नोंदवून एखाद्या घरी प्रार्थना, वाचन व दानासाठी जमावे; मात्र त्यासाठी लागणारी माणसे आपल्याकडे अद्याप नाहीत, असे त्यानेच लिहून ठेवले. जिनिव्हात 1541 च्या नियमांनी वडिलांवर सभासदांच्या आचरणाकडे लक्ष देण्याची आणि सेवकांवर गरीब व आजाऱ्यांची जबाबदारी टाकली. तेथे मात्र वडिलांची सभा नगराच्या सत्तेच्या आधाराने चाले, आणि शेजाऱ्याची काळजी व शेजाऱ्यावर पाळत यांतील सीमा फार पुसट झाली.

लूथरने सोडून दिलेली कल्पना लूथरपंथी पाळक फिलिप स्पेनरने 1670 मध्ये फ्रँकफर्ट येथे प्रत्यक्षात आणली. त्याच्या घरी आठवड्यातून दोनदा लोक वाचन व चर्चेसाठी जमू लागले. जर्मनीतील सॅक्सनीत हेर्नहूट येथे स्थायिक झालेल्या, मोराविया प्रांतातून आलेल्या प्रोटेस्टंट (मोरावियन) निर्वासितांनी 1727 पासून लहान गट आणि आळीपाळीने चालणारी अखंड प्रार्थना सुरू केली, आणि 1731 पासून त्यांची रोजच्या वचनांची पुस्तिका दरवर्षी छापली जाऊ लागली.

या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोधक प्रसंग इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे 15 फेब्रुवारी 1742 रोजी घडला. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे एका सभासदाने सुचवले. अनेकांना तेवढेही परवडणार नाही, असा आक्षेप निघताच तो म्हणाला की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला देणे जमणार नाही त्याचे मी भरीन. याप्रमाणे बारा-बारांचे वर्ग पडले. पैसे गोळा करायला घरोघरी जाणाऱ्या प्रमुखांना मात्र भलतेच दिसू लागले : कोणाचे घरात भांडण चालले होते, कोणी दारू पिऊन पडलेला होता. ते त्यांनी वेस्लीला सांगितले, आणि आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच, असे त्याच्या लक्षात आले. पुढे घरोघरी जाणे अवघड ठरले, कारण त्यात वेळ फार जाई, नोकरीला असलेल्या सभासदांच्या मालकांना अशा भेटी पसंत नसत, आणि गैरसमज झाला तर तो समोरासमोर बसल्याशिवाय मिटत नसे. म्हणून प्रत्येक वर्ग आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. प्रमुखांमध्ये कारागीर होते, पुष्कळ स्त्रियाही होत्या. कर्ज फिटले, पेनीची प्रथा टिकली, आणि वर्गसभा हा मेथडिस्ट जीवनाचा कणा झाला. एकोणिसाव्या शतकात या सभांची उपस्थिती ओसरली. मेथडिस्ट मंडळ्या स्थिरस्थावर, प्रतिष्ठित झाल्या होत्या आणि आपल्या अंतरंगाविषयी दर आठवड्याला बोलणे अनेकांना नकोसे वाटू लागले होते.

संडे स्कूलचा आरंभही असाच. 1780 मध्ये ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्सने ते वर्ग सुरू केले ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांसाठी. त्यांना रविवारखेरीज दुसरा मोकळा दिवस नव्हता, आणि बायबल वाचायचे तर आधी अक्षरे शिकणे भाग होते.

विसाव्या शतकात अडचणीतून उपाय हाच क्रम दोन अगदी वेगळ्या ठिकाणी पुन्हा दिसतो. ब्राझीलमध्ये बारा दो पिराई या धर्मप्रांतात 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात धर्मगुरूंची मोठी टंचाई होती. नाताळातही कित्येक कॅथलिक देवळे बंद राहत. तेव्हा बिशपांनी सामान्य श्रद्धावंतांना प्रार्थना चालवण्याचे प्रशिक्षण दिले. लॅटिन अमेरिकेत पुढे पसरलेल्या छोट्या पायाभूत समूहांची ही एक सुरुवात मानली जाते, आणि 1968 च्या मेडेलिन येथील बिशपांच्या परिषदेने अशा समूहांना उघड पाठिंबा दिला. दक्षिण कोरियात सोल येथील एका मोठ्या पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) मंडळीचे पाळक 1964 मध्ये अतिश्रमाने कोसळले. एकट्याने सर्वांकडे पाहणे अशक्य झाले, म्हणून घरगुती गट पाडले गेले आणि त्यांचे नेतृत्व मुख्यतः स्त्रियांकडे देण्यात आले. हा नमुना नंतर अनेक देशांतील मंडळ्यांनी उचलला, पण बहुधा वाढीचे तंत्र म्हणून. पाळकांचे आजारपण त्या कथेतून गळून पडले.

जवळिकीचा दुरुपयोगही याच काळात उघड झाला. 1970 च्या दशकात अमेरिकेत पसरलेल्या एका चळवळीत प्रत्येक सभासदाला एक आध्यात्मिक मेंढपाळ नेमून दिला जाई, आणि नोकरी, लग्न, स्थलांतर अशा बाबींतही त्याची संमती अपेक्षित असे. टीका वाढत गेली, 1980 च्या दशकात त्या चळवळीचे नेते वेगळे झाले, आणि त्यांच्यापैकी एकाने 1990 मध्ये जाहीर माफी मागितली. ब्रिस्टलच्या त्या सभासदाने गरिबांचे पैसे आपल्या खिशातून भरायची तयारी आधी दाखवली होती आणि त्यांच्या घरातील गोष्टी त्याला नंतर कळल्या. या चळवळीत क्रम उलटा होता, अधिकार आधी आला होता.